बाबांचा ढेकर

बुडबुडा तिसऱ्या वळणावर अडकला होता. एरवी नुसत्या डोळ्यांना दिसलाही नसता, पण मायक्रोस्कोपखाली चांगला टपोरा, गोल, कडेने काळी रेघ आणि मधोमध खिडकीचा इवलासा पांढरा चौकोन... आणि त्याच्या मागे रक्त थांबलेलं — मुकाट, तक्रार न करता, रांगेतल्या माणसांसारखं. नखाएवढी काचेची चिप, तिच्यात केसासारख्या बारीक नळ्या, नळ्यांना वळणं, आणि सारं जग सोडून या एवढ्याशा हवेला नेमकं इथेच बस्तान मांडायचं होतं. तिने श्वास रोखला. श्वास रोखून बुडबुडे हलत नाहीत हे तिला दुसऱ्यांना शिकवण्याइतकं ठाऊक होतं. तरी रोखला.

"टिचकी मारू?"

मागे टिचकी उभा होता. शेजारच्या टेबलावरचा तिचा सहकारी. आईबापांनी त्याला काहीतरी भारदस्त नाव ठेवलं होतं, पण चिपच्या पाठीवर नेमक्या जागी नेमक्या जोराने बोट मारून बुडबुडा पळवून लावण्यात त्याचा हात धरणारं लॅबमध्ये कुणी नव्हतं, म्हणून तो टिचकी. लॅबच्या प्रमुखांना, म्हणजे सरांनासुद्धा त्याचं खरं नाव आठवायला छताकडे बघावं लागायचं.

"नको. फुटलीबिटली तर परत रक्त कुठून आणू?"

"त्यात काय, आपलंच काढू. आपली बोटं तर चाळणी झालीयेत आता."

"बाबांचं आहे," ती म्हणाली.

टिचकीचा वर आलेला हात खाली गेला. बाबा हॉस्पिटलमध्ये आहेत हे लॅबमध्ये सगळ्यांना माहीत होतं, पण त्यांचं रक्त इथे, या टेबलावर, तिच्या डब्याच्या पिशवीतून बर्फाच्या पुडीला टेकून आलंय हे माहीत नव्हतं. त्याने खुर्ची ओढली आणि शेजारी बसला, जसं अशा वेळी बसावं तसं.

सकाळी तिने ते सिस्टरकडे अक्षरशः मागितलं होतं. "असं बाहेर द्यायची परवानगी नाही हो," म्हणत सिस्टरने छोटी नळी तिच्या तळहातावर ठेवली, वर "आणि मी दिलेलं नाही" म्हणून पाठ फिरवली. हॉस्पिटलने बाबांचं रक्त बाटल्यांत घालून उबेच्या कपाटात ठेवलं होतं — जंतू असतील तर वाढतील, वाढले तर दिसतील, दिसले तर नाव कळेल, नाव कळलं तर औषध. इतक्या 'तर'च्या पायऱ्या चढेपर्यंत माणसाने जिवंत राहायचं असतं. आणि बाटल्यांत काही वाढतच नव्हतं. ताप आला तेव्हा नेमका परगावाहून आलेल्या दादाने गल्लीतल्या डॉक्टरकडून गोळ्या आणून बाबांना दिल्या होत्या, दोनदा, भरभरून. जंतू मेले नाहीत पण अर्धमेले झाले, आणि अर्धमेले जंतू बाटलीत वाढत नाहीत. काल संध्याकाळी डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या, "औषध अंदाजाने चालू आहे." अंदाजाने! भाजीत मीठ अंदाजाने घालतात... नाव हवं होतं. जंतूचं नाव मिळालं तर अंदाज संपेल, औषध बदलता येईल, बाबा वाचतील — ती सकाळपासून एवढ्या एका वाक्याला धरून चालत होती.

आणि नाव सांगणारी गोष्ट तर तिच्याच हाताखाली होती. किती वर्षं ती हेच करत आली होती! रक्ताचा एक थेंब नळ्यांतून सोडायचा. प्रत्येक नळीच्या भिंतीवर एकेका जातीच्या जंतूला धरून ठेवणारे, गळासारखे आकडे बसवलेले. जंतू किंवा त्याचा फुटका तुकडा आकड्यात सापडला की पडद्यावर त्या नळीची रेषा वर चढते. बस्स. बाटल्या नकोत, उबेचं कपाट नको. सर पाहुण्यांना सांगतात तसं — "रुग्णाच्या उशाशी, एका थेंबात, चहा निवायच्या आत." हे वाक्य सर इतक्यांदा म्हणालेत की टिचकी ते त्यांच्याआधी ओठांनी म्हणून दाखवतो.

बुडबुडा हलला. कुणी काही केलं नाही, आपला आपण हलला, भिंतीला अंग घासत वळणावरून घसरला आणि दिसेनासा झाला, आणि मागचं थांबलेलं रक्त एकदम गर्दी करून पुढे आलं —

"चला, पुढे सरका! दाराशी उभं राहू नका, आत जागा आहे!"

...बाबा पहिल्यांदा इथे आले तेव्हा पडद्यावर स्वतःचं रक्त वाहताना बघून असेच ओरडले होते. जन्मभर बसमध्ये कंडक्टर. निवृत्त होऊन इतका काळ लोटला तरी गर्दी दिसली की गळ्यातला आवाज बाहेर यायचा. "अरे ते बघ, तो जाड्या कसा मधेच उभाय! ओ काका, पुढे व्हा!" सगळी लॅब हसली होती. सर हसले होते. आई गेल्यानंतर बाबा कुणाला हसवत आहेत हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि रसायनांच्या कपाटामागे जाऊन दोन मिनिटं उभी राहिली.

खरं तर त्यांना इथे आणण्यामागे विज्ञान बिज्ञान काही नव्हतं. आई गेल्यावर घरात त्यांचा दिवस सरत नसे. खिडकीत बसायचे, जाणाऱ्या बसचे नंबर वाचायचे. लॅबला निरोगी माणसाचं रक्त लागतंच — यंत्राला 'इथे काही नाही' म्हणजे काय ते शिकवावं लागतं, नाहीतर 'इथे काहीतरी आहे' हे ते कशाच्या जोरावर सांगणार? त्या 'काही नाही'ला लॅबमध्ये शून्य म्हणतात. प्रत्येकाचं रक्त थोडं थोडं बडबड करतंच, कुणाचं जाड, कुणाचं चिकट; टिचकीचं रक्त तर आदल्या रात्री काय खाल्लं तेही सांगायचं. रेषा एका जागी बसेना. बाबांची मात्र बसली. दर बुधवारी इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, बोट पुढे करायचे, नवं शून्य लावून व्हायचं आणि मग आठवडाभर यंत्र त्या शून्यावर चालायचं. "माझं रक्त शून्य आहे," असं ते शेजाऱ्यांना सांगत फिरायचे. शेजारी म्हणायचे, अरेरे. बाबा म्हणायचे, "अरेरे काय? सबंध लॅब माझ्यावर उभी आहे!"

रेषा आल्या. चार नळ्या, चार रेषा — चारही सपाट.

तिला आनंद झाला. अगदी क्षणभर, पण झाला. अंगात सगळीकडे ऊब पसरली, काही नाही, बाबांना काही नाही! — आणि लगेच लाज वाटली, कारण पहाटे तिने हातात धरलेला हात तव्यासारखा होता, आणि थंडी वाजून पलंग हलत होता, आणि शून्य ही बातमी आनंदाची नव्हतीच. नाव हवं होतं. यंत्र म्हणत होतं, नाव नाही.

"थेंब छोटा पडतोय," टिचकी हळूच म्हणाला. "त्या थेंबात जंतू आलाच नसेल. परत लाव."

हेही खरं होतं. आख्ख्या अंगात हिंडणारे जंतू, आणि आपण मागतो एक थेंब. तलावातून चमचाभर पाणी काढायचं आणि म्हणायचं, मासे नाहीत. सरांच्या वाक्यातला सगळ्यात टाळ्या घेणारा भाग हाच — एका थेंबात! तिने दुसरी चिप घेतली. यावेळी बुडबुडा झाला नाही. रक्त कसं आज्ञाधारकपणे वळणं घेत गेलं. ती रेषांकडे बघत राहिली, त्या रेषा तिच्याकडे. सपाट. नुसत्या सपाट नव्हे... पट्टीने आखल्यासारख्या. शहाण्या मुलाच्या वहीसारख्या. तिला काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना; घरातून निघताना काहीतरी विसरलं आहे असं वाटत राहतं ना, तसं.

फोन वाजला. दादा.

"ऐक, हृदयाची सोनोग्राफी केली त्यांनी आत्ता." दादा हॉस्पिटलच्या जिन्यात असणार, आवाज घुमत होता. "व्हॉल्व्हवर काहीतरी वाढलंय म्हणे. जंतूंचं. तिथे घर करून बसलेत."

"बरं."

"बरं काय! ऐक ना. त्या बाई म्हणाल्या, हे आत्ताचं नाही. जुनं आहे. काही महिन्यांचं असणार. आणि मला विचारतात, इतके दिवस घरात कुणाला काहीच कसं कळलं नाही? मी काय सांगू त्यांना? मी कुठे घरी असतो? तू होतीस ना जवळ... म्हणजे तसं नाही गं, मी आपलं —"

"मी येते," ती म्हणाली.

पण उठली नाही. जुनं. हा शब्द टेबलावर ठेवल्यासारखा समोर राहिला. काही महिन्यांचं... काही महिने बाबा कुठे होते? इथे. बुधवार, इस्त्रीचा शर्ट, बोट पुढे. हृदयात जंतूंचं बिऱ्हाड घेऊन जिने चढत होते, धापा टाकत होते, दाराशी थांबून "तुमची लिफ्ट कधी दुरुस्त होणार हो?" म्हणत होते, आणि या खुर्चीवर — टिचकी बसलाय त्याच खुर्चीवर — बसत होते.

आणि मग खटकलेलं काय ते कळलं. ढेकर नव्हता.

बाबांच्या रक्ताची रेषा सुरुवातीला किंचित वर यायची, चौथ्या नळीत, एवढासा उंचवटा, आणि पुन्हा खाली बसायची. पहिल्यांदा दिसला तेव्हा टिचकी म्हणाला होता, "बाबा जेवून आलेत वाटतं. ढेकर दिला." तेव्हापासून तो 'बाबांचा ढेकर'. बाबांनाही हे नाव मनापासून आवडलेलं, पुढच्या खेपेला आल्या आल्या विचारायचे, "आला का माझा ढेकर?" आला की खूश. सरांनी एकदा वाकून बघितलं आणि म्हणाले, "प्रत्येकाच्या रक्ताची आपली सवय असते, वजा करून टाका." टाकली. यंत्राला सांगितलं, एवढं असणारच, एवढं धरू नकोस. हे असं सगळेच करतात. वजा केल्याशिवाय काही दिसतच नाही. पुढच्या बुधवारी ढेकर थोडा मोठा आला. तोही वजा. त्याच्या पुढच्या बुधवारी आणखी...

ते आजारी पडत गेले, आणि दर आठवड्याला आम्ही शून्य वर उचलत गेलो. मी उचलत गेले. माझ्याच बोटांनी मी ते बटण दाबायची आणि म्हणायची, बाबा, झालं, उठा आता, शून्य लागलं.

म्हणून आज रेषा इतकी सपाट. यंत्राने बाबांमधून बाबाच वजा केले होते.

"काय झालं?" टिचकीने विचारलं.

ती उत्तर द्यायला वळली आणि तिला पट्टा दिसला — समोर नव्हता, पण दिसला — बाबांच्या कमरेचा पट्टा, त्याला नवं भोक पाडलेलं, तापवलेल्या खिळ्याने, कडा जळलेल्या. त्यानंतर अजून एक भोक. "वाळलात हो बाबा." "अगं, तुझ्या आईच्या हातचं गेलं, वाळायला नको?" आणि सगळ्यांना पटलं. मावशी म्हणाली, बायको गेल्यावर पुरुष निम्मा होतो. संध्याकाळी अंगावर काटा येतो म्हणायचे — एकटेपणा, दुसरं काय. जेवणात लक्ष नाही — साहजिक आहे. दाढ काढून आले आणि तिथून पुढे किती दिवस अंग मोडून आल्यासारखं म्हणत राहिले — वय झालं, दाढेचं काय घेऊन बसलात. दर वेळी 'काही नाही गं, जरा थकवा' म्हणायचे आणि दर वेळी ते 'काही नाही' आम्ही जसंच्या तसं घ्यायचो, चहाच्या कपासारखं, हात पुढे करून. आईचं जाणं एवढं मोठं होतं की त्यात काहीही वजा करता येत होतं. माणूस सबंध वजा करता आला...

"मला बोट टोचायचंय," ती म्हणाली. "माझ्या रक्तावर शून्य लावते."

"तुझी रेषा बसत नाही. मागे बघितलंय आपण, हलते ती."

"हलू दे."

टिचकीने तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग परत तिच्याकडे. त्याला कळत होतं, अगदी हळूहळू, गरम काहीतरी चुकून गिळल्यावर ते खाली उतरताना कळतं तसं. त्याने उठून सुई आणून दिली. तिने टोचून घेतलं. थेंब आला, लाल, कुणाच्याही रक्तासारखा. तिची रेषा थोडी डुलली आणि कशीबशी एका जागी राहिली. तिने बटण दाबलं. मग तिसरी चिप, आणि नळीत उरलेलं बाबांचं रक्त, शेवटचं.

यावेळी ती मायक्रोस्कोपमधून बघत बसली नाही. पुढे सरका, ती मनात म्हणाली, पण आवाज तिचाच होता आणि त्यात काही जोर नव्हता.

पहिली सपाट. दुसरी सपाट. तिसरी जराशी थरथरली आणि निजली. चौथी वर चढायला लागली. घाई नव्हती तिला. पाहुण्यांना दाखवायच्या प्रयोगात, जंतूंनी गच्च भरलेल्या रक्तात, ती कशी झेपावते. ही तशी नव्हती, ही म्हाताऱ्या माणसाने कठडा धरून जिना चढावा तशी चढली आणि वर जाऊन थांबली, आणि खाली आली नाही.

"हा तर ढेकर —" टिचकी म्हणाला आणि त्याने तोंडावर हात ठेवला.

पलीकडच्या काचेच्या खोलीत सर फोनवर कुणाशी तरी बोलत होते. आवाज ऐकू येत नव्हता, पण ओठांवरून वाक्य ओळखू येत होतं. रुग्णाच्या उशाशी... महिनोन् महिने काढलेली प्रत्येक रेषा त्या शून्यावर उभी होती. सरांचं ते वाक्यही. त्यांना आत जाऊन सांगायला हवं. तिला त्यांची दयासुद्धा आली, पण लांबून, परगावच्या बातमीबद्दल यावी तशी.

"तू सांगशील त्यांना?"

"सांगतो. तू जा." मग, ती दाराशी पोचल्यावर, "अगं, पण नाव मिळालं की! चौथी म्हणजे नाव मिळालं. पळ!"

आणि ती खरंच पळाली. हेच तिला नंतर सहन होईना — की ती पळाली. बंद लिफ्टसमोरून, बाबा जिथे धाप टाकत थांबायचे त्या जिन्यावरून, रस्त्यावर, सिग्नलला न थांबता. एका स्कूटरवाल्याने शिवी हासडली तीसुद्धा गोड लागली. पिशवीत रिकामी नळी, डोक्यात एक नाव. त्या नावाने महिन्यांमागून महिने बाबांना पोखरलं होतं आणि तिला ते दिसलं नव्हतं, पण आता ते नाव तिचं होतं, मुठीत होतं, आणि हॉस्पिटलच्या पायऱ्या चढताना तिला खरोखर असं वाटत होतं की उशीर ही मागच्या लोकांची गोष्ट आहे, आपण तर चहा निवायच्या आत पोचलो.

डॉक्टरीण बाई वॉर्डाबाहेरच्या बेसिनवर हात धूत होत्या. तिने तिथेच सांगितलं, धापा टाकत, शून्याचं सगळं न सांगता, फक्त नाव. बाईंनी नळ बंद केला. चेहरा थकलेला, पण ऐकणारा.

"तुमच्या मशीनवर कळलं हे?"

"हो. म्हणजे... अजून मान्यता नाही त्याला. पण चौथी नळी त्याचीच आहे, खात्री आहे माझी. औषध बदलायचं असेल तर —"

"बदलायचं नाहीये." बाई हात पुसत होत्या, एकेक बोट. "व्हॉल्व्हवर घर करणारा बहुतेक वेळा हाच असतो. आम्ही पहिल्या दिवसापासून तोच धरून चाललोय. औषध बरोबर आहे."

"मग?"

"मग काही नाही. औषध जंतू मारेल. व्हॉल्व्ह कुरतडून झालाय त्याचं ते काय करणार? ऑपरेशन लागेल, आणि ते टेबलावर टिकतील अशी त्यांची तब्येत आज नाही." बाईंनी टॉवेल खुंटीला अडकवला. मग, चांगल्या मनाने, खरोखर चांगल्या मनानेच म्हणाल्या, "तुमचं मशीन चांगलं आहे हो. असं काहीतरी पाहिजेच. हे काही महिन्यांपूर्वी कळलं असतं ना, तर साधी सलाईनमधून औषधं देऊन बरे झाले असते."

ती हो म्हणाली. काही महिन्यांपूर्वी कळलं असतं तर — हो. 'धन्यवाद'सुद्धा म्हणाली. बाई गेल्यावर बेसिनचा नळ ठिबकत होता तो तिने घट्ट पिळून बंद केला, आणि तरी ठिबकला तेव्हा परत पिळला. इतका वेळ ज्या वाक्याला धरून ती चालत होती ते हातात तुटूनही आलं नव्हतं. ते मुळात कशाला बांधलेलंच नव्हतं. अंदाज बरोबर होता. अंदाजाने मीठ बरोबर पडलं होतं. फक्त जेवणारा उठून गेला होता, आणि जाताना कितीदा तरी तिच्या समोरून, बोट पुढे करून, हसवत हसवत गेला होता.

बाबा जागे होते. खिडकीकडचा पलंग, पण खिडकीतून बस दिसत नव्हती, समोरची भिंत दिसत होती. उशीत डोकं लहान झालेलं. दंडावर सुयांचे निळे डाग. ती स्टुलावर बसली.

"काय गं ठके. कामावर नाही गेलीस?"

"जाऊन आले."

"आज बुधवार का?"

"नाही."

"मला वाटलं बुधवार." ते डोळे मिटून दम खात राहिले. छातीत काहीतरी घासल्यासारखा आवाज येत होता, दाराची बिजागरी गंजावी तसा. मग एक डोळा उघडला. त्यात जुनी मिश्किली आली, पूर्ण नाही, चिमूटभर. "सिस्टर म्हणाली, माझं रक्त नेलंस. आता हेही बघावं लागणार का लॅबला, आजारी माणसाचं?"

"हो."

"मग? काय म्हणालं मशीन?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. पाठीमागे दादा पाण्याची बाटली घेऊन येत होता, त्याच्या चपलांचा आवाज ओळखीचा, घरातल्यासारखा. काय म्हणालं मशीन... मशीन म्हणालं, बाबा, की तुम्ही दर आठवड्याला येऊन सांगत होतात. सांगत होतात, आणि आम्ही त्याला ढेकर म्हणत होतो. तुम्ही हसत होतात, कारण आम्ही हसत होतो.

"शून्य," ती म्हणाली. "शून्यच आलं, बाबा."

"बघ!" उशीवरून डोकं उचलायचा त्यांनी प्रयत्न केला, जमला नाही, पण आनंद जमला. "मी या बाईंना सांगतोय, मी तुमच्या लॅबचा पासधारक आहे म्हणून. म्हणे जुनं दुखणं! जुनं असतं तर माझ्या पोरीला कळलं नसतं?"

आणि ते समाधानाने झोपले, किंवा डोळे मिटले. दोहोंतला फरक आता ओळखू येत नव्हता.

ती बसून राहिली. मांडीवर स्वतःचा हात होता. टोचलेल्या बोटावर बारीक काळसर ठिपका. आता तिकडे यंत्रात तिचं रक्त शून्य म्हणून बसलं होतं... टिचकी सरांना सांगत असेल, सर खाली बसले असतील, कुणीतरी चहा मागवला असेल, आणि पडद्यावर तिची ती डुलणारी रेषा — हलते म्हणून नको असलेली — तिच्या बेरजेवजाबाकीत कुणाकुणाचं काय काय गडप व्हायचंय? तिलाही हल्ली थकायला होतं. जिना चढताना आज लागली ती धाप पळाल्यामुळेच होती? आणि दादाचे डोळे असे खोल कधी गेले? गाडीचा प्रवास, झोप नाही, काळजी — तिच्या मनाने कारणं भराभर पुढे केली, सवयीने, एकाखाली एक, वजा करायला तयार. ती कारणं खरीही होती. बाबांचीसुद्धा सगळी खरीच होती. आई खरंच गेली होती.

तिने अंगठ्याने बोट दाबलं. दुखलं. थोडंसं.

"काय झालं गं?" दादाने बाटली टेबलावर ठेवत विचारलं, हळू, बाबांना ऐकू जाऊ नये अशा बेताने. "बोटाला काय लागलंय?"

काही नाही, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. ते दोन शब्द जन्मापासून जिभेवर होते, तयार, गुळगुळीत. आत्ताच तर एकदा, 'शून्य' म्हणून, बाबांना सांगून झाले होते. दादा वाट बघत उभा राहिला. ती तोंड उघडं ठेवून त्याच्याकडे बघत होती, आणि ते शब्द येत नव्हते.